सामायिक सर्व्हरवरील बॅकग्राउंड प्रोसेसना मर्यादा: सिस्टिमडीच्या यूजर स्लाइसचे वर्षभराच्या वापरानंतरचे परीक्षण

जळगाव जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या संगणकशास्त्र विभागात जो एकमेव सामायिक लिनक्स सर्व्हर आहे, त्याची देखभाल गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. यंत्र १६ कोअरचे, मेमरी ६४ जीबी, त्यावर डेबियन १२ ही लिनक्सची आवृत्ती, आणि पदवी, पदव्युत्तर विद्यार्थी व शिक्षक मिळून सुमारे १४० खाती. या सर्व्हरवर वापरकर्त्यांनी मागे सोडलेल्या बॅकग्राउंड प्रोसेसना, म्हणजे पडद्यामागे चालू राहणाऱ्या प्रोग्रामना, मर्यादा घालण्यासाठी गेले संपूर्ण शैक्षणिक वर्ष मी सिस्टिमडी या लिनक्समधील सेवा आणि सत्रे सांभाळणाऱ्या व्यवस्थेतील यूजर स्लाइसची, म्हणजे प्रत्येक वापरकर्त्याच्या प्रोसेसचा एक गट करण्याची, सोय वापरली, आणि तिचेच हे परीक्षण आहे. ही सोय डेबियनसोबतच येते, वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. माझ्या मते तिला पाचपैकी चार गुण द्यायला हवेत, आणि पाचवा गुण मी का राखून ठेवला हेही सविस्तर सांगतो, कारण ज्यांना असा सर्व्हर सांभाळायचा आहे त्यांना गुणांपेक्षा त्या उणिवांचाच अधिक उपयोग होईल.

बॅकग्राउंड प्रोसेस सरसकट बंद का करत नाही, असा प्रश्न मला विभागाच्या बैठकीत विचारला गेला होता. त्याचे उत्तर आमच्या विद्यार्थ्यांच्या दिनक्रमात आहे. त्यांच्यापैकी निम्मेअधिक रोज ये-जा करतात. अमळनेर, धरणगावकडचे सुरत मार्गावरची संध्याकाळची गाडी पकडतात, रावेरकडचे भुसावळला गाडी बदलतात, आणि चोपड्याला रेल्वेच नसल्याने तिकडच्या मुलांना एसटीची वेळ पाळावी लागते. साडेपाचला प्रयोगशाळा रिकामी होते. अनेकांच्या घरी स्वतःचा संगणक नाही. दोन-तीन तास चालणारे काम त्यांनी कधी करायचे? ते काम बॅकग्राउंडला टाकून, नोहप किंवा टीमक्स ही लॉगआउटनंतरही काम चालू ठेवणारी साधने वापरून, गाडी गाठणे आणि सकाळी येऊन निकाल पाहणे हाच त्यांच्यापुढचा मार्ग आहे, आणि युनिक्स मुळात याच रीतीने वापरायचे असते. त्यामुळे मला असे साधन हवे होते, जे रात्रभर चालणाऱ्या कामाला हात लावणार नाही, पण एकाच्या चुकीची झळ इतर १३९ जणांना बसू देणार नाही.

ही चूक कशी होते ते मी दोन वर्षांपूर्वीच्या एका प्रात्यक्षिकात डोळ्यांनी पाहिले आहे. दुसऱ्या वर्षाच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या अभ्यासक्रमात फोर्क, म्हणजे चालू प्रोसेसने आपलीच प्रत तयार करणे, शिकवताना लूप वापरून काही चाइल्ड प्रोसेस तयार करायला सांगतात. फोर्कनंतर आपण पॅरेंटमध्ये, म्हणजे मूळ प्रोसेसमध्ये, आहोत की चाइल्डमध्ये, म्हणजे तिच्या प्रतीत, हे तपासून चाइल्डला लूपमधून बाहेर काढावे लागते. ती एक ओळ विसरली की प्रत्येक चाइल्डही पुढचा लूप चालवू लागतो आणि प्रोसेसची संख्या प्रत्येक फेरीत दुप्पट होते. १० फेऱ्यांचा लूप असेल तर १,०२४ प्रोसेस होतात आणि सर्व्हर ते सहन करतो. त्या दिवशी एका विद्यार्थ्याने २० फेऱ्या लिहिल्या होत्या, म्हणजे हिशेबाने १०,४८,५७६ प्रोसेस. शिवाय निकाल नीट दिसावा म्हणून प्रत्येक प्रोसेस काही वेळ थांबून राहील अशी तजवीजही त्याने केली होती. तेवढ्या प्रोसेस अर्थातच कधी तयार झाल्या नाहीत, कारण त्याच्या कितीतरी आधी सर्व्हर अडकला. माझ्या पडद्यावर रूटचे, म्हणजे प्रशासकाच्या खात्याचे, एक सत्र उघडे होते. त्यात मी पीएस लिहिले आणि उत्तरादाखल ‘फोर्क: रीट्राय: रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल’ एवढीच ओळ पुन्हा पुन्हा येत राहिली. प्रोसेसची यादी पाहायलाही एक नवी प्रोसेस लागते आणि तीच मिळत नव्हती. बॅश शेल या आज्ञा स्वीकारणाऱ्या प्रोग्राममधील, प्रोसेस मारणारी किल ही आज्ञा शेलच्या आतच असते, तिला नवी प्रोसेस लागत नाही, हे मला ठाऊक होते. परंतु कोणाला मारायचे त्याचा क्रमांक माहीत नसताना त्या ज्ञानाचा उपयोग काय? शेवटी सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करावा लागला आणि त्या वेळी पार्श्वभूमीत चालू असलेली सगळ्यांची कामे गेली.

तेव्हा सर्व्हरवर कोणतीच मर्यादा नव्हती असे नाही. सिस्टिमडी प्रत्येक वापरकर्त्याला मूळ मर्यादा देते ती यंत्राच्या एकूण प्रोसेस-क्षमतेच्या ३३ टक्के. आमच्या यंत्रावर हा आकडा १,७०,००० च्या आसपास निघतो. एकट्या वापरकर्त्याने यंत्राची सर्व क्षमता खाऊ नये एवढाच या आकड्याचा हेतू दिसतो; पण तिघांनी एकाच वेळी तीच चूक केली तर हिशेब जवळपास पूर्ण होतो, आणि प्रात्यक्षिकाच्या वर्गात तर वीस जण एकाच वेळी तोच प्रोग्राम लिहीत असतात. शिवाय प्रोसेसची संख्या संपण्याच्या आधीच मेमरी आणि प्रोसेसर यांची दमछाक झालेली असते. त्यामुळे मूळ मर्यादेच्या भरवशावर कोणत्याही शिकवणाऱ्या संस्थेने राहू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

त्या घटनेनंतर मी सर्वप्रथम जुन्या आणि सर्वपरिचित साधनाकडे वळलो. पॅम या लॉगिन सांभाळणाऱ्या व्यवस्थेतील लिमिट्स.कॉन्फ या फाइलमध्ये एनप्रॉक या नावाने प्रत्येक वापरकर्त्याच्या प्रोसेसची कमाल संख्या लिहिता येते. तिचा मोठा गुण हा की ती गटानुसार लिहिता येते, म्हणजे विद्यार्थ्यांच्या गटाला एक आकडा आणि शिक्षकांच्या गटाला दुसरा. मी उत्साहाने विद्यार्थ्यांसाठी ५० लिहिले आणि दुसऱ्याच दिवशी तक्रारी सुरू झाल्या. लिनक्समध्ये ही मर्यादा थ्रेडसुद्धा, म्हणजे एकाच प्रोसेसच्या आत समांतर चालणाऱ्या कामाच्या शाखासुद्धा, मोजते. पायथनमधील नमपाय ही गणिती लायब्ररी ज्या ओपनब्लास लायब्ररीवर चालते ती सुरू होतानाच जेवढे कोअर तेवढे थ्रेड तयार करते, म्हणजे आमच्याकडे एका प्रोग्राममागे १६. तीन पायथन प्रोग्राम, एक शेल आणि एक एडिटर एवढ्यातच ५० चा आकडा गाठला जातो. विद्यार्थ्याला पडद्यावर थ्रेड तयार झाला नाही असा संदेश दिसतो आणि त्याला वाटते की आपला प्रोग्राम चुकला. एका मुलीने त्या संदेशापायी आपला बरोबर असलेला प्रोग्राम तीन वेळा नव्याने लिहिला होता. ते मला समजले तेव्हा फार वाईट वाटले, आणि तेव्हापासून मी कोणताही आकडा ठरवण्याआधी आठवडाभर प्रत्यक्ष वापर मोजतो.

आकडा वाढवून हा प्रश्न सुटला, परंतु जुन्या साधनाची खरी अडचण वेगळीच आहे. त्यातली प्रोसेसची संख्या संपूर्ण वापरकर्त्याची मोजली जाते, पण मेमरी आणि प्रोसेसरचा वेळ या मर्यादा प्रत्येक प्रोसेसला वेगळ्या लागतात. एका प्रोसेसला २ जीबी असे लिहिले की ४० प्रोसेस चालवणाऱ्याला ८० जीबी मागण्याची मोकळीक मिळतेच. प्रोसेसर वेळेच्या मर्यादेचे तर आमच्यासाठी फलित उलटेच होते, कारण रात्रभर प्रामाणिकपणे चालणारे एकच मोठे काम वेळ संपली म्हणून मारले जाते आणि शंभर लहान प्रोसेस सोडणारा सुखरूप सुटतो. नाइस ही आज्ञा वापरून कामाचे प्राधान्य कमी करावे असे पुस्तकांत लिहिलेले असते. परंतु लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, २०११ साली, २.६.३८ या आवृत्तीपासून, प्रत्येक सत्राचा वेगळा गट करणारी ऑटोग्रुप नावाची सोय आली आणि ती चालू असताना नाइसचा परिणाम केवळ त्याच सत्रातील प्रोसेसपुरता उरतो. एका विद्यार्थ्याने आपले काम कितीही नम्रपणे नाइस लावून चालवले तरी दुसऱ्याच्या सत्राला त्याचा लाभ होत नाही.

यूजर स्लाइसची उपयुक्तता इथे सुरू होते. लिनक्स कर्नलमध्ये सीग्रुप नावाची व्यवस्था २००८ च्या जानेवारीत, २.६.२४ या आवृत्तीबरोबर आली. तिची मूळ कल्पना गूगलमधील अभियंत्यांनी २००६ मध्ये मांडली होती. प्रोसेसचे गट करायचे आणि साधनसामग्रीचा हिशेब प्रत्येक प्रोसेसऐवजी गटाच्या नावावर मांडायचा, हे तिचे सार. तिची दुसरी, अधिक सुटसुटीत आवृत्ती २०१६ मध्ये ४.५ या कर्नलसोबत अधिकृत झाली आणि डेबियनने ११ व्या आवृत्तीपासून तीच मूळ व्यवस्था म्हणून स्वीकारली. सिस्टिमडी प्रत्येक वापरकर्त्यासाठी, तो लॉगिन होताच, असा एक गट आपणहून तयार करते आणि त्याला स्लाइस म्हणते. वापरकर्ता दोन खिडक्यांतून आला काय किंवा पाच खिडक्यांतून आला काय, त्याच्या सर्व प्रोसेस त्या एकाच स्लाइसमध्ये राहतात. आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट ही की तो लॉगआउट करून गाडीत बसला तरी त्याने मागे सोडलेली प्रोसेस त्याच स्लाइसमध्ये राहते, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला की नव्या प्रोसेस त्याच खात्यावर मांडल्या जातात. गावाकडच्या किराणा दुकानातील उधारीच्या वहीसारखे हे आहे. घरातले कोणीही माल घेऊन गेले तरी पान एकाच घराचे असते.

मांडणीही अवघड नाही. सिस्टिमडीच्या २३९ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, सर्व वापरकर्त्यांच्या स्लाइसना एकाच फाइलमधून मर्यादा देता येते. त्या एका फाइलमध्ये मी चार ओळी लिहिल्या. टास्क्समॅक्स ३००, म्हणजे प्रोसेस आणि थ्रेड मिळून ३०० पेक्षा जास्त नाहीत. मेमरीहाय ६ जीबी, ज्यानंतर त्या वापरकर्त्याची कामे मुद्दाम मंदावली जातात. मेमरीमॅक्स ८ जीबी, ज्यानंतर त्याच्याच स्लाइसमधील प्रोसेस मारली जाते आणि शेजाऱ्याच्या कामाला धक्का लागत नाही. चौथी ओळ सीपीयूवेट १००. या चौथ्या ओळीविषयी थोडे थांबून लिहितो, कारण तिच्याविषयी अनेकांचा गैरसमज असतो आणि माझाही होता.

प्रोसेसरवर मर्यादा घालायची म्हटली की बहुतेक जण सीपीयूकोटा लावतात. २०० टक्के लिहिले की वापरकर्त्याला दोन कोअरपेक्षा जास्त मिळत नाहीत. नियम समजायला सोपा, पण तो रात्रीही लागू राहतो. आमच्याकडे रावेरचा एक एमएस्सीचा विद्यार्थी केळीच्या पानांच्या छायाचित्रांवरून करपा रोग ओळखण्याचे काम करीत होता. घरची केळी, त्यामुळे छायाचित्रे त्याने स्वतः बागेत फिरून काढलेली आणि विषय जिव्हाळ्याचा. सर्व्हरमध्ये ग्राफिक्स कार्ड नसल्याने सगळे प्रशिक्षण प्रोसेसरवरच चालायचे. कोटा असताना रात्री दोन वाजता १४ कोअर रिकामे बसलेले आणि त्याचे काम दोन कोअरवर कण्हत चाललेले, असे चित्र मी नोंदींमध्ये पाहिले. वेटची रीत वेगळी आहे. गर्दी असेल तेव्हाच ती लागू होते आणि प्रत्येक स्लाइसला समान वाटा देते. गर्दी नसेल तर जो असेल त्याला सगळे कोअर मोकळे. दुपारी प्रात्यक्षिकाला वीस जण बसले की या मुलाचे काम आपोआप एकविसाव्या हिश्श्यावर येते, मग त्याने १६ थ्रेड चालवले असोत की ६०, आणि रात्री तेच काम पूर्ण यंत्र वापरते. गैरसमज असा की १०० हेच मूळ मूल्य असल्याने ते लिहायची गरज नाही. प्रत्यक्षात ते स्पष्टपणे लिहिले, की सिस्टिमडी वापरकर्त्यांच्या स्लाइससाठी प्रोसेसरचे नियंत्रण चालू करते. कोणीच काही लिहिले नसेल तर ते बहुधा बंदच असते आणि वाटणी स्लाइसप्रमाणे होत नाही. ही एक ओळ लिहिल्यावर प्रात्यक्षिकाच्या वेळी सर्व्हर मंद चालतो ही तक्रार माझ्याकडे जवळजवळ यायची थांबली.

कोटा मी पूर्णपणे टाकून दिला नाही. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि आमच्या सर्व्हरच्या खोलीतील एसी दुपारी कसाबसा तग धरतो. वीज गेली की यूपीएसवर सर्व्हर चालतो, पण एसी चालत नाही. अशा दिवसांत मी वैयक्तिक स्लाइसवर काही न लावता, सर्व वापरकर्त्यांच्या वरच्या सामायिक स्लाइसवर मिळून ८०० टक्के कोटा लावतो, म्हणजे निम्मे कोअर. सेट-प्रॉपर्टी या आज्ञेने तो तत्काळ लागू होतो, कोणाला लॉगआउट करावे लागत नाही आणि चालू काम तुटत नाही. लिमिट्स.कॉन्फमधील बदल मात्र पुढच्या लॉगिनपासूनच लागू होतो. संध्याकाळी हवा उतरली की कोटा काढून टाकतो. खानदेशात सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकाने ही युक्ती हाताशी ठेवावी.

फोर्कचे ते प्रात्यक्षिक यंदाही झाले आणि ती एक ओळ यंदाही कोणीतरी विसरलेच. फरक एवढाच की या वेळी त्या विद्यार्थ्याची मोजणी ३०० वर थांबली, त्याच्या शेजारी बसलेल्यांना काही समजलेही नाही आणि कर्नलच्या नोंदीत ‘फोर्क रिजेक्टेड बाय पिड्स कंट्रोलर’ अशी फोर्क नाकारल्याची ओळ त्याच्या स्लाइसच्या नावासह उमटली. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो, सिस्टिमडी-सीजीटॉप हा प्रत्येक गटाचा वापर दाखवणारा प्रोग्राम उघडून त्याला त्याचा स्वतःचा गट दाखवला आणि मग त्याची संपूर्ण स्लाइस एका आज्ञेने बंद केली. पूर्वी अशा प्रोसेस एकेक करून मारताना उरलेल्या प्रोसेस नव्या जन्माला घालत राहायच्या; आधी सर्वांना स्टॉप सिग्नल देऊन गोठवायचे आणि मग किल करायचे असा दोन टप्प्यांचा खटाटोप करावा लागायचा. आता तो करावा लागत नाही. दुप्पट होत जाणारी संख्या त्या मुलाने ३०० वर अडलेली प्रत्यक्ष पाहिली आणि चुकीची ओळ त्याची त्यानेच शोधली.

आता तक्रारी. पहिली तक्रार सोयीच्या एका विशिष्ट सेटिंगविषयी आहे आणि ती अनुभवातून आलेली आहे. ज्या पुरवठादाराने आमचा आधीचा सर्व्हर बसवून दिला होता, त्याने बॅकग्राउंड प्रोसेसचा त्रास नको म्हणून किलयूजरप्रोसेसेस हे सेटिंग चालू करून ठेवले होते आणि त्याची कोणालाही कल्पना दिली नव्हती. या सेटिंगमुळे वापरकर्ता लॉगआउट होताच त्याच्या सत्रातील सर्व प्रोसेस मारल्या जातात, नोहप लावलेले असो की टीमक्समध्ये असो. अमळनेरची एक विद्यार्थिनी तेव्हा आपल्या आजीने गायलेल्या अहिराणी ओव्यांची ध्वनिमुद्रणे एका ठरावीक स्वरूपात आणून त्यांतून शब्दसूची तयार करण्याचे काम करीत होती. चारशेच्या आसपास ध्वनिफिती होत्या. संध्याकाळी तिने काम बॅकग्राउंडला टाकले, चालू असल्याची खात्री केली आणि गाडी गाठली. सकाळी आली तर अकरा ध्वनिफिती झालेल्या. तिने पुन्हा टाकले, पुन्हा तेच. तिसऱ्या सकाळी ती माझ्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली, ‘‘सर, मन्हा प्रोग्राम कोनी मारा?’’ मी नोंदी तपासल्या तेव्हा तिच्या प्रत्येक लॉगआउटच्या क्षणाला प्रोग्राम थांबलेला दिसला. तिची चूक काहीच नव्हती. तिने जे केले ते प्रत्येक युनिक्सच्या वर्गात शिकवले जाते.

हे सेटिंग सिस्टिमडीच्या २३० व्या आवृत्तीत, २०१६ च्या मे महिन्यात, मूळ स्थितीतच चालू करण्यात आले होते आणि त्यावरून त्या वेळी मोठा वाद झाला. डेबियनने ते आपल्याकडे मूळ स्थितीत बंद ठेवले आणि आजही ते बंदच येते. माझे मत डेबियनच्या बाजूचे आहे. लॉगआउट म्हणजे काम संपले असे मानणे घरच्या लॅपटॉपवर ठीक असेल. जिथे लॉगआउट करूनच काम सुरू ठेवायचे असते तिथे ते अन्यायाचे आहे. ते चालू ठेवायचेच असेल तर वापरकर्त्याला लिंगर, म्हणजे लॉगआउटनंतरही कामे चालू ठेवण्याची मुभा, देऊन त्याचे काम सिस्टिमडी-रनच्या माध्यमातून सत्राबाहेर चालवायला शिकवावे लागते. मी हे दोन महिने करून पाहिले. पहिल्या वर्षाच्या मुलांना दोन आज्ञांऐवजी पाच आज्ञा शिकवाव्या लागतात आणि लाभ फारसा होत नाही, कारण स्लाइसची मर्यादा लागू असेल तर मागे राहिलेल्या प्रोसेस मुळात कोणाचे नुकसान करीतच नाहीत. आज आमच्याकडे हे सेटिंग बंद आहे आणि ओव्यांची सर्व कामे रात्रीच्या रात्रीत पूर्ण होतात.

दुसरी उणीव गटांविषयी आहे. लिमिट्स.कॉन्फमध्ये विद्यार्थी आणि शिक्षक असे गट करून वेगळे आकडे देता येतात. यूजर स्लाइसमध्ये अशी सोय नाही. एक तर सर्वांना एकच आकडा, नाही तर प्रत्येक वापरकर्त्याच्या क्रमांकाने वेगळी फाइल. मी लहानशी स्क्रिप्ट लिहून शिक्षकांच्या फाइली तयार करतो, पण दर वर्षी खाती बदलली की ती पुन्हा चालवावी लागते. एवढ्या जुन्या आणि एवढ्या उघड गरजेची दखल या सोयीत नसावी याचे मला आश्चर्य वाटते. मी जो पाचवा गुण राखून ठेवला त्याचा मोठा भाग याच कारणाने.

तिसरी गोष्ट उणीव म्हणण्यापेक्षा धोक्याची सूचना आहे. सर्व वापरकर्त्यांसाठी लिहिलेली फाइल रूटच्या स्लाइसलाही लागू होते, कारण रूट हाही शून्य क्रमांकाचा वापरकर्ताच आहे. जुन्या एनप्रॉकच्या मर्यादेतून कर्नल रूटला वगळतो, त्यामुळे इथेही तसेच असेल असे गृहीत धरून मी निश्चिंत होतो. एका संध्याकाळी पॅकेज अद्ययावत करताना माझीच कामे मंदावली तेव्हा हे ध्यानात आले. शून्य क्रमांकाच्या स्लाइससाठी त्याच नावाची वेगळी फाइल करून तिच्यात इन्फिनिटी, म्हणजे अमर्याद, असे लिहावे. अडचणीच्या वेळी जो सर्व्हर सोडवायला येणार त्याचेच हात बांधलेले नसावेत.

मर्यादा लागल्यावर वापरकर्त्याला दिसणारा संदेशही समाधानकारक नाही. यंत्राची क्षमता संपली असो की त्याची स्वतःची मर्यादा संपली असो, त्याला ‘रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल’ एवढेच दिसते. मी लॉगिनच्या वेळी दिसणाऱ्या सूचनेत चार ओळी मराठीत घातल्या आहेत: तुमच्या खात्याला ३०० प्रोसेस आणि ८ जीबी मेमरी आहे, सध्या तुमच्या इतक्या प्रोसेस चालू आहेत, वरील संदेश आला तर आधी आपल्या जुन्या प्रोसेस तपासा, आणि तरीही अडले तर मला भेटा. त्यातला चालू प्रोसेसचा आकडा स्लाइसच्या हिशेबातूनच येतो. आठवड्यापूर्वी सोडलेल्या आणि विसरलेल्या ज्युपिटरच्या, म्हणजे ब्राउझरमधून पायथन चालवण्याच्या साधनाच्या, प्रोसेस मुले आता स्वतःहून बंद करतात. मर्यादा ठरवणाऱ्याने ती आधी सांगायला हवी, हे कोणत्याही सॉफ्टवेअरने माझ्यासाठी केले नसते.

चौथी उणीव मला सर्वांत उशिरा सापडली. डेबियनमध्ये क्रॉनमधून, म्हणजे ठरलेल्या वेळी कामे आपोआप सुरू करणाऱ्या सेवेतून, सुरू झालेली प्रोसेस वापरकर्त्याच्या स्लाइसमध्ये जात नाही; ती क्रॉनच्या स्वतःच्या सेवेच्या गटात राहते. म्हणजे एखाद्याने आपले काम रात्री दोनला क्रॉनमधून सुरू केले तर वर सांगितलेल्या चारपैकी एकही मर्यादा त्याला लागू होत नाही. एका विद्यार्थ्याचे क्रॉनमधील काम दर दहा मिनिटांनी सुरू व्हायचे, पण संपायला अर्धा तास घ्यायचे, त्यामुळे रात्रभरात प्रती साचत गेल्या आणि सकाळी यंत्राची मेमरी भरलेली होती. त्याच्या स्लाइसमध्ये पाहावे तर काहीच नाही. इथे जुने साधनच उपयोगी पडले. लिमिट्स.कॉन्फमधील एनप्रॉक डेबियनच्या क्रॉनलाही लागू होतो आणि तो वापरकर्त्याच्या ओळखीवरून मोजतो, प्रोसेस कोणत्या गटात आहे हे पाहत नाही. म्हणून आता दोन्ही कुंपणे एकत्र आहेत: स्लाइसमध्ये ३००, आणि त्यामागे लिमिट्स.कॉन्फमध्ये विद्यार्थ्यांच्या गटाला ४००. शिवाय क्रॉन वापरण्याची परवानगी क्रॉन.अलाउ या फाइलमधून मागेल त्यालाच देतो, आणि देताना आधीची प्रत चालू असेल तर नवी सुरू होऊ नये यासाठी एफलॉक कसे लावायचे ते शेजारी बसवून दाखवतो. त्याला दहा मिनिटे लागतात.

ज्यांच्याकडे दहा-पंधरा वापरकर्ते आहेत आणि सर्व एकमेकांच्या ओळखीचे आहेत, त्यांना केवळ टास्क्समॅक्स आणि सीपीयूवेट या दोन ओळी पुरतील. अनेक यंत्रे आणि शेकडो संशोधक असतील तर कामांची रांग लावणाऱ्या स्लर्मसारख्या व्यवस्थेकडे जावे, स्लाइसवर ताण देऊ नये. लिनक्सऐवजी फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्यांना हे परीक्षण लागू नाही. त्यांच्याकडे आरसीटीएल नावाचे वेगळे साधन ९.० या आवृत्तीपासून आहे आणि त्यात लॉगिन क्लासनुसार, म्हणजे जवळपास गटानुसार, मर्यादा देता येते, जी सोय मला इथे हवी होती. आमच्यासारख्या एका यंत्रावर शंभर-दीडशे विद्यार्थी सांभाळणाऱ्या महाविद्यालयांना मात्र मी ही सोय मनापासून सुचवतो. आकडे माझे जसेच्या तसे घेऊ नयेत. प्रात्यक्षिकाचा एक आठवडा आणि परीक्षेपूर्वीचा एक आठवडा सिस्टिमडी-सीजीटॉपवर नजर ठेवून प्रत्येकाचा सर्वाधिक वापर लिहून घ्यावा, त्याच्या दुपटीवर मर्यादा ठेवावी आणि ती लागू करण्याच्या आदल्या दिवशी वर्गात जाऊन सांगावी. रावेरच्या त्या मुलासाठी मी प्रबंधाच्या शेवटच्या महिन्यात मेमरीची मर्यादा २० जीबी केली होती. त्याच्या क्रमांकाच्या फाइलमध्ये एक ओळ बदलायला अर्धा मिनिट लागला.